मोबाईलवर ऑक्टापॅड वाजवताना आवाज उशिरा का येतो? सोप्या भाषेत समजून घ्या

शहापूर-मुरबाडकडे हळदीला गेलात की आधी कान कुठे वळतात? बेंजो पार्टीकडे! कीबोर्डवाला आणि ऑक्टापॅडवाला यांची जोडी जमली की नाचणारे थांबतच नाहीत. ते बघून बरेच जण मोबाईलमध्ये ऑक्टापॅडचं ॲप घेतात, ब्लूटूथ स्पीकर जोडतात आणि दोन मिनिटांत कंटाळतात. बोट आधी पडतं, आवाज मागून येतो. चूक तुमच्या हाताची नाही. या उशिराला 'लेटन्सी' म्हणतात.

ऑक्टापॅड काम कसं करतो?

रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिला ऑक्टापॅड आणला. त्यात स्वतःचा आवाजच नव्हता! पॅडखालचा सेन्सर स्टिकचा फटका ओळखायचा आणि 'मिडी' या डिजिटल भाषेत दुसऱ्या यंत्राला कळवायचा. फटका किती जोराचा, हे १ ते १२७ या आकड्यांत जातं. आताच्या ऑक्टापॅडमध्ये आवाजही आतच असतात, म्हणून फटका पडताच ढोलकी वाजते.

उशीर नेमका किती?

मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं धरा. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले तर प्रत्येकी १२५. ब्लूटूथ स्पीकरला बऱ्याचदा १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे तुमचा फटका पुढच्या फटक्याच्या जागी ऐकू येतो!

मग व्हिडिओ बघताना हे का जाणवत नाही? कारण प्लेअर चित्रालाही तेवढंच थांबवतो. तुमच्या बोटाला कोण थांबवणार?

काय करायचं?

१. ब्लूटूथ बंद करा, वायरचा हेडफोन लावा.
२. बॅटरी सेव्हर आणि मागे चालू असलेली ॲप्स बंद करा.
३. कीबोर्डला यूएसबी मिडी असेल तर ओटीजीने जोडा. अँड्रॉइड ६ पासून मिडीची सोय आहे, फक्त तुमच्या फोनमध्ये ती चालते का ते बघा. आयफोनवर गॅरेजबँड मोफत मिळतं.
४. मेट्रोनोम ८० वर ठेवून सुरुवात करा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मोबाईलच्या काचेला साधारणपणे फटक्याचा जोर कळत नाही. हलका-भारी हात बसवायचा तर जाड रबराच्या तुकड्यावर स्टिकने सराव करा.

स्टेजवरही हाच प्रश्न

स्पीकर १० मीटर लांब असेल तर आवाज पोहोचायला सुमारे ३० मिलिसेकंद लागतात. म्हणून वादक मॉनिटर स्पीकर जवळ ठेवतात.

ही जोडी फक्त हळदीतली नाही बरं का! हंगेरीचे संगीतकार बेला बार्टोक यांचा दोन पियानो आणि तालवाद्यांसाठीचा सोनाटा १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिल्यांदा वाजला. पियानोतही शेवटी हातोड्याच तारांवर पडतात. तिथेही चार वादकांना एकमेकांचा ठोका वेळेवर ऐकू यावाच लागतो.

तेव्हा आधी वायर लावा, महिनाभर हात बसवा आणि मग गावातल्या पार्टीच्या तालमीला जाऊन बसा. खरा ताल तिथेच जमतो.