माजी सैनिकांची आरोग्ययोजना आणि तिची पारख

सरकारी कचेरीतील कारकून साठीच्या आसपास निवृत्त होतो. शिपाई मात्र बहुधा पस्तीस ते चाळीस या वयातच गणवेश उतरवून घरी परततो. सैन्य तरुण राहावे म्हणून केलेली ही व्यवस्था होय. परंतु तिची किंमत शिपायाला मोजावी लागते. त्या वयात मुलांची शिक्षणे व्हायची असतात, आईवडील थकत चाललेले असतात आणि हाती असलेले कौशल्य गावात फारसे उपयोगी पडत नाही. भारतात दरवर्षी सुमारे साठ हजार सैनिक अशा रीतीने नागरी जीवनात येतात. त्यांना मिळणारे निवृत्तिवेतन व औषधपाणी म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. भरतीच्या वेळी झालेल्या कराराचा तो उरलेला भाग आहे. या योजनांची पारख करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धातील अपंग जवानांना व्यवसायशिक्षण देणारी खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मधील, तर पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मधील. तथापि अशा संस्था छावणीच्या सावलीत वाढल्या. दूरच्या गावी राहणाऱ्या निवृत्त सैनिकाला आजारपणात लष्करी रुग्णालय गाठावे लागे आणि तेथेही सेवेतील जवानांची सोय झाल्यावर जागा उरली तरच उपचार मिळत. रायपूरच्या मनुष्याला कामठी किंवा जबलपूर काही जवळ नव्हते. (रायपुरात ‘माजी सैनिक’ हा शब्द मराठी घरांतच ऐकू येतो, कचेरीच्या पाटीवर तो ‘भूतपूर्व सैनिक’ असतो.)

ही अडचण दूर करण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू झाली. सैनिकाने निवृत्त होताना एकदाच वर्गणी भरावयाची. त्या बदल्यात त्याला व त्याच्या अवलंबितांना आयुष्यभर उपचार मिळावयाचे. योजनेचे पहिले ठाणे म्हणजे पॉलिक्लिनिक. तेथे तपासणी होते व औषधे मिळतात. आजार गंभीर असल्यास डॉक्टर चिठ्ठी देऊन मान्यताप्राप्त खाजगी रुग्णालयात पाठवतो. रुग्णाने तेथे पैसे द्यावयाचे नसतात. रुग्णालय आपले बिल योजनेकडे पाठवते, त्याची छाननी होते आणि ठरलेल्या दराने रक्कम चुकती केली जाते.

आता या साखळीतील शेवटचा दुवा पाहा. बिल चुकते होण्यास महिनेच्या महिने लागले की रुग्णालय कुरकुर करू लागते; प्रथम खाटा ‘रिकाम्या नसतात’, पुढे रोख रकमेची मागणी होते. दोष दिल्लीतील तरतुदीचा असतो, परंतु तो भोगतो रायपुरातील एखाद्या निवृत्त नाईकाची पत्नी. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेवर २०१५ मध्ये स्वतंत्र अहवाल सादर केला. पॉलिक्लिनिकांतील औषधांची टंचाई, बिले चुकती करण्यातील विलंब आणि रुग्णालयांना झालेली जादा प्रदाने या गोष्टी त्यात उघड झाल्या. यातील पहिल्या दोन तक्रारी सैनिकांच्या तोंडी पूर्वीपासून होत्याच. लेखापरीक्षणाने त्यांना आकड्यांचा आधार दिला, हे त्याचे मोल.

मात्र लेखापरीक्षण म्हणजे संपूर्ण मूल्यमापन नव्हे. हिशेबनीस खर्चलेला रुपया मोजतो. जो रुग्ण दारापर्यंत आलाच नाही, तो त्याच्या वहीत सापडत नाही. जगदलपूर रायपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे. बस्तरमधील वृद्ध सैनिकाने मधुमेहाच्या गोळ्यांसाठी तेवढा प्रवास टाळला, तर कागदोपत्री योजनेचा खर्च कमी झालेला दिसेल! म्हणून किती कार्डे वाटली याच्या जोडीने, कार्डधारकांपैकी किती जण वर्षभरात एकदाही आले नाहीत, चिठ्ठी मिळाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती दिवस गेले आणि लिहून दिलेल्या औषधांपैकी किती खिडकीवर मिळाली, हे विचारले पाहिजे. ही माहिती मिळवणे अवघड नाही. तिचा बराचसा भाग पॉलिक्लिनिकच्या नोंदींतच असतो.

कोणाला वगळले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, आणीबाणीच्या काळात नेमलेले अधिकारी आणि अल्पसेवा अधिकारी यांना या योजनेची दारे २०१९ मध्ये उघडली. ज्यांना निवृत्तिवेतनच नाही अशा हवालदार व त्याखालील दर्जाच्या वृद्ध सैनिकांना दरमहा ४,००० रुपयांचे साहाय्य मिळत असे. ते ८,००० रुपये करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला.

सर्वांत कठीण प्रकरणे अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाची. आजार सेवेमुळे जडला की मुळातच होता, हे ठरवणार कोण? शिपाई धरमवीर सिंग १९८५ मध्ये भरती झाले आणि फेफऱ्याच्या विकारामुळे १९९४ मध्ये सेवेतून मुक्त केले गेले. आजार सेवेशी निगडित नाही, असे सांगून त्यांचे निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. भरतीच्या वेळी व्याधीची नोंद नसेल, तर ती सेवेतच उद्भवली असे मानावे आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिला. छत्तीसगडातील सैनिकाला असा दावा सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या जबलपूर येथील पीठापुढे मांडावा लागतो. धरमवीर सिंग यांची सेवामुक्ती आणि हा निर्णय यांत एकोणीस वर्षे गेली. कोणत्याही वार्षिक अहवालाच्या तक्त्यात त्यांच्यासाठी रकाना नसतो.