आकडा नसलेली कार्डे

१९९१ साली अमेरिकेत ‘पीएसए’ ही कंपनी सुरू झाली आणि बेसबॉल कार्डांच्या बाजारात आकड्यांचे राज्य आले. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई तपासून कार्डाला १ ते १० मधली ग्रेड द्यायची आणि ते प्लास्टिकमध्ये सीलबंद करायचे, असा हा व्यवसाय. कडा छाटलेल्या किंवा वरून रंग दिलेल्या कार्डांना आकडा नाकारला जाई. पुढे त्यांच्यासाठी नुसते ‘ऑथेंटिक’ लिहिलेले लेबल रूढ झाले. त्याचा अर्थ, कार्ड अस्सल आहे, स्थितीबद्दल विचारू नका. बहुतेक संग्राहक या लेबलला १ च्याही खाली धरत.

या उतरंडीला तडा गेला तो खुद्द पहिल्याच कार्डामुळे. पीएसएने सर्वांत आधी ग्रेड दिली ती बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या ‘टी२०६’ कार्डाला. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून आलेल्या या मालिकेतले वॅग्नरचे कार्ड अतिदुर्मीळ. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतले होते. त्याला ८ ग्रेड मिळाली आणि २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला गेले. २०१३ मध्ये लिलावदार बिल मास्ट्रो याने न्यायालयात कबुली दिली, की या कार्डाच्या कडा आपणच छाटल्या होत्या. म्हणजे नियमाने ज्याला आकडाच मिळायला नको होता, ते कार्ड ८ मिरवत होते.

दरम्यान दुर्मीळ कार्डांच्या किमती चढत गेल्या आणि आकडा नसलेल्यांनाही गिऱ्हाईक मिळू लागले. २०२१ मध्ये वॅग्नरचे फाटून उरलेले अर्धेच कार्ड, ‘ऑथेंटिक’ लेबलसह, पावणेपाच लाख डॉलरच्या वर विकले गेले.

आता अशा कार्डाचा भाव ठरवताना जाणकार आधी त्याची दुर्मीळता पाहतात, मग आकडा का नाही हे शोधतात. १९२० च्या सुमाराची पट्टीवरची कार्डे मुलांनी कात्रीने कापलेली. त्यात लबाडी नाही, त्यामुळे आकडा नसल्याचा डागही फारसा लागत नाही. नफ्यासाठी गुपचूप छाटलेल्या कार्डाला मात्र सूट द्यावीच लागते. शेवटी चेहरा आणि रंग कसे टिकलेत ते पाहतात. सहज मिळणाऱ्या कार्डाला यातले काहीच तारत नाही. तिथे आकडा गेला की भाव पडतोच.

तीसहून अधिक वर्षांच्या या व्यवहाराचा निष्कर्ष सरळ आहे: लेबल अस्सलपणाची हमी देते, किमतीची नाही. घेणाऱ्याने आधी कार्ड पाहावे, लेबल नंतर.