तीनशे प्रश्नांची उजळणी

रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाइन्स अशा देशांत डॉक्टरकी शिकायला जाणारी मुले-मुली आता पिंपरी-चिंचवडच्या कामगार वसाहतींतही दिसतात. कोणाचे वडील आकुर्डीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणाची चाकणजवळची जमीन औद्योगिक क्षेत्रात गेलेली. पाच-सहा वर्षांनी मूल पदवी घेऊन घरी येते, शेजारीपाजारी त्याला ‘डॉक्टर’ म्हणू लागतात, आणि मग घरच्यांना कळते की या पदवीवर भारतात साधी गोळी लिहून देण्याचाही अधिकार त्याला अजून नाही. त्यासाठी फॉरिन मेडिकल ग्रॅज्युएट्स एक्झामिनेशन, म्हणजेच एफएमजीई, उत्तीर्ण व्हावी लागते. तिच्या उजळणीविषयी चार गोष्टी सभासद बंधू-भगिनींपुढे व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून आहे. वैद्यकाशी माझा संबंध एवढाच की भाच्याच्या तयारीच्या काळात रोज रात्री त्याला प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे आले. उत्तरे तो देई, पुस्तक माझ्या हातात असे. जे लिहीत आहे ते त्या खुर्चीवरून पाहिलेले आहे.

ही चाळणी २००२ सालच्या नियमांनी सुरू झाली. राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. प्रश्न ३००, दीडशे-दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला १५० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. १५० उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. ऐकायला हे सोपे वाटते; पण कित्येक सत्रांत बसलेल्यांपैकी चौथा हिस्साही उत्तीर्ण झालेला नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात सर्वांसाठी ‘नेक्स्ट’ नावाची समान परीक्षा योजली आहे. नाव बदलले तरी विषय तेच राहणार.

एक सत्र हुकले की काय होते, हे बँकेच्या काउंटरवर स्पष्ट दिसते. शैक्षणिक कर्जाची परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. परीक्षा पास झाल्याशिवाय इथली इंटर्नशिप नाही, इंटर्नशिपशिवाय कायम नोंदणी नाही, नोंदणीशिवाय कमाई नाही. दोनदा अपयश आले तर ते वर्ष तिथेच संपते आणि हप्ता दारात उभा राहतो. मोठ्या कर्जाला बहुधा राहते घरच तारण असते. म्हणून हा प्रश्न एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही.

नापास होणारी मुले आळशी असतात असे म्हणणे अन्यायाचे आहे. एकोणीस विषय सहा वर्षांत वाचलेले असतात आणि पहिल्या वर्षाचे शेवटच्या वर्षी पुसट होते. मग मूल जाड पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचू लागते. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजेच येणे अशी समजूत होते. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांवर प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. रोकड मोजल्याशिवाय ती जुळली असे आम्ही बँकेत म्हणत नाही, तसेच हे आहे.

दुसरी गोष्ट अशी की विषय वेगवेगळे असले तरी शरीर एकच आहे. शिशाचेच पाहा. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या कामगाराच्या शरीरात ते गेले की रक्तातील ‘हीम’ तयार करणारी दोन एन्झाइम्स अडतात: एएलए डिहायड्रेटेज आणि फेरोकेलाटेज. हा झाला बायोकेमिस्ट्रीचा प्रश्न. हीम कमी पडले म्हणून रक्तक्षय, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींत निळे ठिपके, हा पॅथॉलॉजीचा. हिरडीवर निळसर रेघ, पोटात कळा, मनगट लुळे पडून खाली लटकणे, हा मेडिसिनचा. मनगट उचलणारी नस रेडियल, हा अ‍ॅनाटॉमीचा. विष म्हणून तेच शिसे फोरेन्सिकमध्ये येते आणि व्यवसायजन्य रोग म्हणून सामाजिक वैद्यकशास्त्रात. सहा वह्यांत सहा वेळा पाठ करण्यापेक्षा एकदा त्या कामगाराच्या मागे शेवटपर्यंत जावे.

आपल्या भागात दुसरे उदाहरण फाउंड्रीचे. साच्याच्या वाळूची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, फुफ्फुसात गेली की तिथल्या भक्षक पेशी ती गिळतात आणि आतून जखमी होतात. फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठी धरतात; एक्स-रेमध्ये लसिकाग्रंथींभोवती अंड्याच्या टरफलासारखी चुन्याची कड दिसते. क्षयाचे जंतू मारणाऱ्या पेशीही त्याच. त्या दुबळ्या झाल्या म्हणून सिलिकोसिसच्या रोग्याला क्षयाचा धोका अधिक. ‘सिलिकोसिसमध्ये क्षय वाढतो’ हे वाक्य घोकावे लागत नाही, ते आपोआप निघते. तेथून क्षयाच्या औषधांकडे जावे: नेहमीच्या क्षयात पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. आयसोनियाझिडने हातापायांना मुंग्या येतात म्हणून ब-६ जीवनसत्त्व. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. एथाम्ब्युटॉलने नजर बिघडू शकते, विशेषतः रंग ओळखण्यात. पायराझिनामाइडने युरिक आम्ल वाढते. परीक्षक याच चौघांत अदलाबदल करून फसवतो. अ‍ॅस्बेस्टॉसचाही असाच एक सापळा आहे. मेसोथेलिओमा त्याच्याशी जोडलेला खरा, पण अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जास्त होतो तो फुफ्फुसाचा कर्करोग.

आपण ज्याला ‘एच.ए. कंपनी’ म्हणतो तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या साहाय्याने पिंपरीत १९५४ साली स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. हे औषध जिवाणूची भिंत बांधणारे एन्झाइम अडवते. एवढे पक्के असले की बाकीचे सुचत जाते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नाही, म्हणून ती वाचते. मायकोप्लाझ्मालाही भिंत नाही, म्हणून त्यावर पेनिसिलिन चालत नाही. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज तयार करून औषध तोडतात, म्हणून जोडीला क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल देतात. आणि इंजेक्शननंतर रोगी कोसळला, दम लागला, तर पहिले औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या स्नायूत. हे एक उत्तर परीक्षेपुरते नाही, जन्मभर लागणारे आहे.

मात्र सगळेच असे कारणाने निघत नाही. काही आकडे व वेळापत्रके नुसती पाठ करावी लागतात, आणि परदेशात शिकलेल्यांची खरी अडचण तिथे असते. सामाजिक वैद्यकशास्त्राला ३०० पैकी ३० गुण आहेत. स्त्रीरोग व प्रसूतीशास्त्राला तेवढेच, तर अ‍ॅनाटॉमीला १७. पण भारताचे लसीकरण, क्षय व मलेरियाचे राष्ट्रीय कार्यक्रम, आपल्याकडचे कायदे तिकडच्या वर्गात कोण शिकवणार? जन्मतः बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस-बी. सहा, दहा, चौदा आठवड्यांनी पेंटाव्हॅलंट. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. हे भिंतीवर चिकटवूनच पाठ होते. घरात तान्हे मूल असेल तर त्याचे लसीकरण कार्ड वाचावे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, योजनेची सुरुवात १९५२ साली कानपूर व दिल्लीत. तिच्या मुळाशी असलेला अडारकरांचा अहवाल १९४४ साली सादर झाला तेव्हा मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, हे आपल्या मुलांच्या सहज लक्षात राहील. सर्पदंश आणि शेतीच्या कीटकनाशकाची विषबाधा याही गोष्टी थंड देशांतल्या रुग्णालयात फारशा दिसत नाहीत. बाहुली टाचणीएवढी, तोंडाला फेस, घाम, श्वास अडलेला, तर ऑर्गॅनोफॉस्फेट समजावे व अ‍ॅट्रोपिन द्यावे.

रोज रात्री पंचवीस प्रश्न पुरतात. चुकलेले वेगळ्या वहीत उतरवावेत आणि दुसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने पुन्हा विचारावेत. बरोबर आलेल्यांवर रेघ मारावी. उत्तर आल्यावर ‘का?’ एवढे जरूर विचारावे, आणि बाकीचे तीन पर्याय का चूक तेही. विचारणाऱ्याला वैद्यक येण्याची गरज नाही, उत्तर त्याच्यासमोर छापलेले असते. संस्थेच्या अभ्यासिकेत रविवारी दोन तास हे काम निवृत्त सभासदांपैकी कोणीही करू शकेल. प्रश्न इंग्रजीत असतात, तेव्हा वाचणाऱ्याने चष्मा मात्र बरोबर आणावा.