बनावट खलित्याची तपासणी

नोएडातील आमच्या वसाहतीत सेवानिवृत्त मंडळी पुष्कळ, आणि एखाद्या ईमेलविषयी मनात शंका आली की त्यांपैकी बहुतेक जण तो उघडा ठेवूनच माझ्याकडे येत असल्यामुळे, बँकांच्या नावाने धाडलेल्या बनावट पत्रांचे एक लहानसे दफ्तरच आजवर माझ्या नजरेखालून गेले आहे. शेजारच्या काकांनी परवा आणलेले पत्र तर या कलेचा उत्तम नमुना होता. बोधचिन्ह हुबेहूब, इंग्रजी निर्दोष. '24 तासांत केवायसी पूर्ण न केल्यास खाते गोठविण्यात येईल' असे फर्मान, आणि त्याखाली निळे बटण. पूर्वी असली पत्रे भाषेच्या चुकांवरून सहज ओळखू येत; ती सोय आता राहिली नसल्याने मी मजकुराआधी मायना वाचतो. ज्या बँकेत काकांची उभ्या नोकरीची पुंजी आहे, तिने त्यांना नुसते 'प्रिय ग्राहक' म्हणावे?

प्रेषक म्हणून ठळक अक्षरांत झळकणारे बँकेचे नाव हे ज्याचे त्याने स्वतःस लावून घेतलेले बिरुद असते. त्यामागचा खरा पत्ता उघडून तो शेवटाकडून वाचावा लागतो, कारण डावीकडे वाटेल त्या बँकेचे नाव घालता येते, मालकी मात्र उजव्या टोकाशी ठरते. येथे त्या टोकाशी एक अनोळखी नाव आणि 'डॉट एक्सवायझेड' होते. बटण न दाबता त्यावर माउस नुसता नेला, तर खाली तिसराच पत्ता उमटला. गंमत अशी की, जीमेलच्या 'शो ओरिजिनल'मध्ये एसपीएफची तपासणी 'पास' दाखवीत होती. अर्थात पत्र तोतयाने स्वतःच्याच घरून रीतसर रवाना केले, एवढाच त्या दाखल्याचा अर्थ. याच बजबजपुरीवर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हा प्रत्यय राखून ठेवला आणि स्थलांतरासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत घातली.

दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 सालीच, कायद्यात अशा तोतया पत्रांची, म्हणजे फिशिंगची, स्वतंत्र व्याख्या नसतानाही, नॅसकॉम या सॉफ्टवेअर उद्योगसंघटनेच्या दाव्यात ते बेकायदेशीर ठरविले होते. तेथे सोंग बँकेचे नव्हे, नॅसकॉमचेच घेतलेले होते, आणि प्रतिवादींनी तडजोडीत 16 लाख रुपये देण्याचे मान्य केले.

काकांना त्या तोतयास खरमरीत उत्तर लिहायचे होते. उत्तर गेले की पत्ता चालू असल्याचे त्याला आयतेच कळते, हे समजावल्यावर त्यांनी डेबिट कार्डाच्या पाठीवरील क्रमांक फिरविला. केवायसी गेल्याच वर्षी पूर्ण झालेले होते.