लाकूड-दुरुस्तीची रेझिने

लाकूड-दुरुस्तीची रेझिने : तडा गेलेल्या, झिजलेल्या किंवा अंशतः कुजलेल्या लाकडाची सांधणी, भरणी व आवरण यांसाठी वापरण्यात येणारी नैसर्गिक व संश्लेषित (कृत्रिम रीतीने तयार केलेली) रेझिने. बाल्सा लाकडाच्या सर्फबोर्डापासून (लाटांवर स्वार होण्याच्या फळीपासून) घराच्या सागवानी खांबापर्यंत अनेक वस्तूंसाठी त्यांचा उपयोग होतो. रेझिनाची निवड केवळ त्याच्या बलावरून करता येत नाही. लाकडाची जात, त्यातील जलांश, त्यावर येणारा भार व पूर्वीचे लेप या चार गोष्टी पाहाव्या लागतात.

नैसर्गिक रेझिनांपैकी राळ व लाख यांचा वापर जुना आहे. पडावांच्या फळ्यांमधील फटींत कापूस ठासून त्यावर राळ व तेल यांचे मिश्रण लावीत. मात्र राळ ठिसूळ असून उष्णतेने मऊ होते. त्यामुळे भार वाहणाऱ्या सांध्यासाठी ती उपयोगी पडत नाही.

प्रकार : संश्लेषित रेझिनांपैकी दुरुस्तीसाठी मुख्यतः पॉलिएस्टर व एपॉक्सी ही वापरतात. असंतृप्त पॉलिएस्टर हे स्टायरिनात विरघळविलेले असते. कोबाल्टयुक्त प्रवेगक व पेरॉक्साइड यांच्या योगाने ते लवकर घट्ट होते. ते स्वस्त असते. परंतु घट्ट होताना त्याचे घनफळ सुमारे ५ ते ८ टक्क्यांनी आकसते आणि लाकडाशी, विशेषतः दमट वा तेलकट लाकडाशी, त्याचे आसंजन (चिकटण्याची क्रिया) कमी प्रतीचे असते. एपॉक्सी रेझीन अमाइन वर्गातील कठिणकाशी ठराविक प्रमाणात मिसळावे लागते. त्याचे आकुंचन कमी व आसंजन चांगले असते. मात्र ते महाग असून सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी पिवळे पडते व पृष्ठभागी भुकटते. म्हणून उघड्यावरील एपॉक्सीवर जंबुपार किरणरोधी व्हार्निश किंवा रंग देणे आवश्यक असते. कठिणक जास्त घातल्याने एपॉक्सी लवकर घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. प्रमाण चुकल्यास ते कायमचे मऊ राहते.

बाल्सा फळ्यांची दुरुस्ती : बाल्साची घनता सामान्यतः दर घ. मी. ला सुमारे १६० किग्रॅ. असते, सागाची तिच्या सुमारे चौपट असते. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात बाल्साच्या फळ्यांवर काचतंतूंचे कापड व रेझीन चढविण्याची पद्धत रुळली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलियुरेथेन फेसाने बाल्साची जागा घेतली. जुन्या बाल्सा फळीच्या आवरणाला भेग पडली की, पाणी आत शिरून लाकूड फुगते व कुजते. अशा वेळी भेगेभोवतीचे सुटे आवरण काढून लाकूड पूर्ण वाळू देणे ही पहिली पायरी होय. बाल्सा रेझीन फार शोषून घेते; म्हणून प्रथम पातळ हात देऊन छिद्रे बुजवितात व नंतर कापड बसवितात. असे न केल्यास कापड कोरडे राहते व फळीचे वजन वाढते. पूर्वीचा लेप पॉलिएस्टराचा असला, तरी खरवडलेल्या पृष्ठावर एपॉक्सी चिकटते. याउलट एपॉक्सीवर पॉलिएस्टराचे आसंजन भरवशाचे नसते.

मराठवाड्यातील घरांचे लाकूड : हीच तत्त्वे नांदेड व लातूर जिल्ह्यांतील माळवदाच्या घरांना अधिक गंभीरपणे लागू पडतात. या घरांत लाकडी खांब व तुळया यांवर मातीचे जाड छत असते. काही घरांत ते अर्धा मीटर व त्याहूनही जाड आढळते. मातीची घनता दर घ. मी. ला १,६०० किग्रॅ. धरल्यास एवढ्या छताचा भार दर चौ. मी. ला सुमारे ८०० किग्रॅ. होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. चिखलात रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या. परंतु जेथे छत लाकडी सांगाड्यावर तोललेले होते तेथे अनेक ठिकाणी भिंत पडूनही छत उभे राहिले. यावरून खांबाच्या सुस्थितीवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, हे स्पष्ट होते.

खांब बहुधा तळखड्याजवळ ओल व वाळवी यांमुळे कुजतो. कुजक्या भागावर वरून रेझीन ओतल्यास पृष्ठभाग कठीण दिसतो. मात्र आतील लाकडाचे बल परत येत नाही, उलट अभेद्य लेपामुळे ओल आत कोंडून कूज वाढते. अशी दुरुस्ती दोष झाकते, म्हणून ती दुरुस्ती न करण्यापेक्षाही धोक्याची होय. खांब ठोकून येणाऱ्या पोकळ आवाजावरून व टोच्या खुपसून कूज कोठवर आहे ते ठरवावे, छताला टेकू द्यावा, निकोप लाकूड लागेपर्यंत कुजका भाग कापावा आणि मुरविलेल्या लाकडाचा तिरका जोड देऊन तो एपॉक्सी व लोखंडी बोल्ट यांनी पक्का करावा. केवळ रेझिनावर भार सोपवू नये. लाकडातील जलांश सुमारे १५ टक्क्यांपेक्षा कमी असावा; त्यामुळे हे काम पावसाळ्यात टाळतात. सागातील नैसर्गिक तेलामुळे आसंजन घटते. म्हणून सांध्याचे पृष्ठ घासून, विद्रावकाने पुसून लगेच रेझीन लावतात.

उन्हाळ्यात या भागातील कमाल तापमान ४०° से.च्या वर जाते. तापमान १०° से.ने वाढल्यास मिसळलेले एपॉक्सी वापरण्याजोगे राहण्याचा काळ सुमारे निम्मा होतो. म्हणून सकाळच्या थंड वेळी, मंद कठिणक वापरून व थोडे थोडे मिश्रण करून काम करतात. सामान्य तापमानास घट्ट होणारी बहुतेक एपॉक्सी रेझिने ६०° से.च्या आसपास मऊ होऊ लागतात. त्यामुळे तापलेल्या पत्र्यालगतच्या सांध्यात बोल्टांचे महत्त्व आणखी वाढते.

दक्षता : कोबाल्टयुक्त प्रवेगक व पेरॉक्साइड ही एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो, प्रवेगक प्रथम रेझिनात पूर्ण मिसळून नंतरच पेरॉक्साइड घालतात. कठिणकामुळे त्वचेचा दाह होतो. म्हणून हातमोजे वापरतात. घट्ट झालेले रेझीन घासताना उडणारी धूळ श्वासावाटे आत जाऊ नये यासाठी नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधणे आवश्यक असते.