जोडीदार गेल्यानंतरचं दुसरं वर्ष आणि टॅक्स

आपल्या बऱ्याच घरांत कागदपत्रांचा कारभार एकाकडेच असायचा. बहुधा यजमानांकडे, क्वचित बाईंकडे. बँकेची पत्रं, शेअरचे कागद, ठाण्या-अलिबागच्या पासबुकांचा गठ्ठा, सारं एका कपाटात आणि एकाच माणसाच्या डोक्यात. तो माणूस गेला की मागे राहिलेल्याला दुःखातच हा गठ्ठा सोडावा लागतो. त्यातली एक गोष्ट इथे अमेरिकेत पुष्कळांना फार उशिरा कळते. टॅक्सच्या दृष्टीने पहिल्या वर्षापेक्षा दुसरं वर्ष जड जातं.

ज्या वर्षी मृत्यू झाला, त्या पूर्ण वर्षाचं टॅक्स रिटर्न दोघांचं मिळून भरता येतं. मृत्यू २ जानेवारीला झाला असला तरी चालतं, फक्त त्याच वर्षात पुन्हा लग्न केलेलं नसावं. घरात सांभाळायचं मूल असेल तर पुढची २ वर्षंही दोघांचेच दर मिळतात. पण आपल्या वयाच्या माणसांची मुलं केव्हाच मोठी झाली. त्यामुळे पुढच्या वर्षापासून आपण ‘सिंगल’.

छोट्या वाचकांनी असं समजावं: आजी-आजोबा दोघं असताना सरकारने त्यांना एक मोठं पातेलं दिलं होतं. त्यात मावेल तेवढ्या पैशांवर टॅक्स अगदी थोडा. आता एकट्या आजीला जवळजवळ निम्मं पातेलं मिळालं, पण दूध फारसं कमी झालं नाही. मग ते उतू जातं.

आकड्यांत बघू. समजा दोघंही ६५ वर्षांपुढची. सोशल सिक्युरिटी त्यांची २४,००० डॉलर, बाईंची १२,०००. शिवाय बँकेचं व्याज आणि आय.आर.ए.मधून काढलेली रक्कम मिळून ४०,०००. सन २०२५ च्या नियमांनी दोघांचा फेडरल टॅक्स सुमारे १,१२० डॉलर होतो. यजमान गेले. दोन चेकांपैकी मोठा २४,००० चा बाईंना चालू राहतो, लहान बंद होतो. म्हणजे वर्षाचं उत्पन्न १२,००० ने घटलं. तरी त्याच २०२५ च्या नियमांनी एकटीचा टॅक्स सुमारे ४,०९० डॉलर! उत्पन्न कमी, टॅक्स साडेतीनपट.

याचं एक कारण दर आणि सूट. दुसरं कारण सोशल सिक्युरिटीवरचा टॅक्स. तो किती लागायचा हे ठरवताना बाकीच्या उत्पन्नात निम्मी सोशल सिक्युरिटी मिळवतात. ती बेरीज जोडप्यासाठी ३२,००० आणि एकट्यासाठी २५,००० च्या पुढे गेली की टॅक्स सुरू. या मर्यादा १९८३ च्या कायद्यातल्या. महागाई इतकी वाढली, पण त्या आजवर एका डॉलरनेही वाढवलेल्या नाहीत. माझ्या मते हा म्हाताऱ्या माणसांवर सरळ अन्याय आहे.

म्हणून पहिल्या वर्षाचा उपयोग करून घ्यावा. आय.आर.ए.मधून जास्तीची रक्कम काढायची असेल किंवा नफ्यातले शेअर विकायचे असतील, तर ३१ डिसेंबरच्या आत केलेलं बहुधा स्वस्त पडतं. घटना नोव्हेंबर-डिसेंबरात घडली असेल तर मात्र घाईघाईने काही विकू नये. दोन हजार डॉलर वाचवायला अशा दिवसांत सह्या करत बसणं बरं नव्हे.

शेअर विकण्याआधी एक कागद जरूर तयार करा: मृत्यूच्या दिवशी प्रत्येक शेअरचा भाव काय होता. समजा दोघांच्या नावे १०,००० ला घेतलेले शेअर त्या दिवशी ६०,००० चे होते. यजमानांच्या अर्ध्या भागाची किंमत आता ३०,००० धरली जाते, बाईंच्या अर्ध्याची जुनीच ५,०००. म्हणजे ६०,००० ला विकले तर नफा ५०,००० नव्हे, २५,०००. कॅलिफोर्निया, टेक्सास अशा काही राज्यांत पतिपत्नींच्या सामाईक मालमत्तेचे दोन्ही अर्धे नव्या किमतीला येतात. राहतं घर विकायचं असेल तर मृत्यूपासून २ वर्षांच्या आत ५,००,००० डॉलरपर्यंतच्या नफ्यावर सूट मिळू शकते, त्यानंतर ती २,५०,००० वर येते. भारतातल्या फ्लॅटलाही अमेरिकेच्या हिशेबात नवी किंमत लागते, म्हणून तिथलं त्या तारखेचं मूल्यांकन करून ठेवा. भारत सरकार मात्र आधीच्या मालकाच्या खरेदीपासूनच हिशेब करतं.

भारतातल्या ठेवींकडे तर अनेकांचं लक्षच नसतं. एन.आर.ई. खात्याचं व्याज भारतात माफ आहे, इथे माफ नाही. पी.पी.एफ.चंही तसंच. एन.आर.ओ. खात्यावर बँक ३० टक्के आणि वर सेस कापते, पण दोन देशांच्या करारानुसार भारताचा हक्क १५ टक्क्यांपर्यंतच आहे. जास्त कापलेलं भारतात रिटर्न भरून परत मागावं लागतं. तेवढ्याची वजावट अमेरिका देत नाही. खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं असलं तरी गेलेल्या माणसाचं नाव आणि पॅन बदलून घ्या, नाहीतर कापलेला टॅक्स त्यांच्याच नावावर पडून राहतो. इथल्या बँकेतही सोशल सिक्युरिटी नंबर बदलायला सांगा.

परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ‘एफबार’ भरावा लागतो. त्यात टॅक्स नाही, नुसती माहिती, पण न भरल्यास दंड जबरदस्त. दुसरा फॉर्म ८९३८. इथे राहणाऱ्या जोडप्याने तो वर्षअखेर १,००,००० डॉलरच्या वर असेल तर भरायचा, एकट्याने ५०,००० च्या वर. म्हणजे कालपर्यंत जो फॉर्म लागत नव्हता, तो पैसा न वाढताही लागू शकतो.

मेडिकेअरचा हप्ता २ वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरतो. २०२६ साली जोडप्याला २,१८,००० च्या पुढे जादा हप्ता, एकट्याला १,०९,००० च्या पुढे. जोडीदार गेल्याने उत्पन्न घटलं असेल तर सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात एस.एस.ए.-४४ हा फॉर्म द्या, हप्ता कमी होऊ शकतो.

नातवंडांनो, यात तुम्हीही हातभार लावू शकता. जानेवारी-फेब्रुवारीत आजीकडे ‘१०९९’ लिहिलेली पाकिटं येतात. ती न फोडता एका खोक्यात ठेवा आणि मागच्या वर्षी कुठून कुठून आली होती त्याच्याशी ताडून बघा. एखादं आलं नाही तर आजीला सांगा. मग ते खोकं घेऊन तिला ए.ए.आर.पी.च्या टॅक्स-एड केंद्रावर न्या. फेब्रुवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत लायब्रऱ्यांत आणि सीनियर सेंटरांत ते फुकट रिटर्न भरून देतात, सभासद असावं लागत नाही. भारतातले म्युच्युअल फंड असतील तर मात्र त्याला जाणकार अकाउंटंटच हवा, आणि भाव काय घेणार ते आधी विचारावं.