आदळून चालू लागणारा रोबो

सहा दांडे आणि चोवीस तारा. दांडे एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चार-चार तारा बांधलेल्या असतात आणि त्यांच्या ताणावरच सगळा डोलारा उभा राहतो. कॅलिफोर्नियात मॉफेट फील्ड इथे नासाच्या एम्स संशोधन केंद्रात हा रोबो घडला. नाव सुपरबॉल. त्याला चाकं नाहीत, पाय नाहीत. शनीच्या टायटन या चंद्रावर पॅराशूटशिवाय पडायचं आणि पडल्या जागेवरून गडगडत निघायचं, हे त्याच्यासाठी योजलेलं काम.

व्हायटास सनस्पायरल आणि एड्रियन अगोगिनो या दोन संशोधकांना ही कल्पना सुचली ती तान्ह्या मुलांच्या अशाच दांड्या-दोऱ्यांच्या एका खेळण्यावरून. ते जमिनीवर आपटलं तरी चेपून पुन्हा पूर्वीसारखं होत होतं. मग हेच यान म्हणून उतरवलं तर? दूरच्या आणि धाडसी कल्पनांना पैसा देणाऱ्या नासाच्या योजनेतून त्यांना निधी मिळाला.

रचना मात्र जुनी आहे. १९४८ साली अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात बकमिन्स्टर फुलर यांच्याकडे शिकल्यावर केनेथ स्नेलसन या विद्यार्थ्याने तिचे पहिले नमुने केले. टेन्सेग्रिटी हे नाव फुलर यांनी दिलं. वॉशिंग्टनमधलं स्नेलसन यांचं १९६८चं ‘नीडल टॉवर’ हे शिल्प सुमारे १८ मीटर उंच आहे. त्याच्या नळ्याही अशाच, केवळ तारांच्या भरवशावर आकाशात चढत जातात.

शिल्पकाराची ही युक्ती अंतराळात कशाला? कारण ग्रहावर उतरणं फार महाग पडतं. १९९७मध्ये मार्स पाथफाइंडर हवेच्या पिशव्यांवर उसळत मंगळावर उतरलं. ते थांबलं आणि पिशव्यांचं काम संपलं. इतक्या दूर वाहून नेलेलं ते वजन पुढे कशाच्याही उपयोगाचं राहिलं नाही. सुपरबॉलमध्ये धक्का झेलणारं अंग आणि चालणारं अंग एकच आहे, आणि या कल्पनेचं खरं सौंदर्य तिथेच आहे. दांड्यांवर फक्त दाब येतो, तारांवर फक्त ताण. कुठेही आघात झाला तरी तो साऱ्या तारांत वाटला जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता येतो. उपकरणं मधोमध तारांनी टांगलेली.

टायटनही अशा पाहुण्याला सोयीचा. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढं, आणि पृष्ठभागावर हवेचा दाब आपल्या दीडपट. त्या दाट हवेतून पडणाऱ्या गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे १५ मीटरच्या पुढे जाणार नाही, असा या संशोधकांचा हिशेब होता.

पडणं त्यामानाने सोपं. खरी परीक्षा चालण्याची. हा गोळा तीन टोकांच्या त्रिकोणावर बसतो. मोटर काही तारा गुंडाळून आखूड करते, आकार वाकडा होतो, गुरुत्वमध्य त्रिकोणाबाहेर सरकतो आणि गोळा शेजारच्या बाजूवर कलंडतो. ऐकायला सरळ वाटतं. पण विणलेल्या बाजेची एक दोरी ओढली की सगळ्या विणीला हिसका बसतो, तसंच इथेही होतं: एक तार आखूड करावी तर उरलेल्या तेवीस तारांचा ताण बदलतो. त्यातून पहिल्या सुपरबॉलच्या निम्म्याच तारांना मोटर होत्या. अमुक सांधा इतके अंश फिरव, अशी आज्ञा द्यायला इथे सांधाच नाही. म्हणून संशोधकांनी आधी संगणकात प्रतिरूप उभं केलं, हजारो चाली तिथे करून पाहिल्या आणि ते सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं केलं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये तर यंत्राला अनुभवातून गडगडायला शिकवणारी पद्धत खऱ्या सुपरबॉलवर चालवून दाखवली. नंतरच्या आवृत्तीत चोवीसही तारा मोटरच्या ताब्यात आल्या.

सुपरबॉल अंतराळात गेलेला नाही. टायटनसाठी नासाने २०१९मध्ये ड्रॅगनफ्लाय हे पंखे लावून उडणारं यान निवडलं. ती निवड समजण्यासारखी आहे, कारण त्याच दाट हवेत उडणंही सोपं जातं आणि उडून लांब जाता येतं. पण म्हणून तारांच्या गोळ्याला मोडीत काढणं घाईचं ठरेल. कड्याच्या तळाशी किंवा खोल विवरात, जिथे चाकांचा रोव्हर न्यायला कोणी धजणार नाही, तिथे हा निर्धास्तपणे टाकता येईल.

दरम्यान बर्कलीच्याच प्राध्यापक अॅलिस अगोगिनो यांनी स्क्विशी रोबोटिक्स ही कंपनी काढून ही रचना पृथ्वीवर कामाला लावली. वायुगळती झालेल्या ठिकाणी ड्रोनमधून असे संवेदक गोळे टाकायचे. ते आदळूनही शाबूत राहतात आणि हवेत कोणता विषारी वायू किती आहे, हे अग्निशमन दलाचा जवान आत पाऊल टाकण्याआधी कळवतात.